बर्फाच्या पाण्याचं शून्य

नवऱ्याची नजर जात चालली आहे हे आम्हाला एका ग्लासात कळलं. काचेचा साधा ग्लास, आत थंड पाणी आणि पाण्यात उभा धरलेला थर्मामीटर. डॉक्टर नंतर आले. त्यांनी मोठमोठ्या मशिनी लावून तेच सांगितलं, जे मला स्वयंपाकघरात, हाताला कणीक लागलेली असताना कळलं होतं.

आमच्या घरी बियर बनत होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी भुवया उंचावायला नकोत. माझ्या माहेरी, भंडाऱ्याकडे, दारूचं नाव निघालं तरी आई चूळ भरून यायची. त्या घरातली मी, आणि माझ्या न्हाणीघरात ओल्या पोत्यात गुंडाळलेली बादली, तिच्या झाकणावर प्लास्टिकची नळी, आणि ती नळी दिवसभर बुडुक बुडुक करते आहे. हे कायद्यात कितपत बसतं ते मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. बादलीभर व्हायची आणि घरातच संपायची.

खूळ मुलाचं होतं. तो पुण्याला असतो. टाळेबंदीत घरून काम करायचं म्हणून भिलाईला आला आणि महिन्याभरात कंटाळला. दुकानं बंद होती. मग त्याने कुठून कुठून सामान मागवलं: मोड आणून वाळवलेला जव, हॉप्स नावाची कडू फुलं, यीस्टची पाकिटं, मोठं पातेलं आणि गोल तबकडीचा, लांब दांडीचा थर्मामीटर. रीत तशी साधी. जव भरडायचा, गरम पाण्यात तासभर मुरवायचा, गाळायचा, तो गोड काढा हॉप्स घालून उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून ठेवून द्यायचा. पण मुरवताना पाणी पासष्टच्या आसपासच पाहिजे. फार वर गेलं तर जवातली साखर नीट सुटत नाही. आणि काढा पुरता निवायच्या आत यीस्ट घातलं तर ते मरतं. सगळं तापमानावर.

माझा नवरा तोपर्यंत या भानगडीकडे नाक मुरडून पाहत होता. तापमान हा शब्द ऐकला आणि खुर्ची सरकवून उठला.

त्याचं कारण असं की ते जन्मभर भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते. भट्टीत, वाफेच्या पाइपात, पाण्याच्या टाकीत किती अंश आहे हे दाखवणारी यंत्रं तपासायची, चुकत असतील तर दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, नातवंडांना लागतात. हे कशालाच लागले नाहीत. घरातलं घड्याळ, इस्त्री, गॅसवरचा कुकर सगळ्यांवर संशय घेत फिरायचे. आणि आता घरात एक नवाकोरा थर्मामीटर आला होता, आणि पोरगा तो न तपासता वापरत होता.

“कशावरून बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

“बाबा, नया है,” मुलगा म्हणाला.

“नया है म्हणून खरं बोलते का?”

मग त्यांनी मला बर्फ मागितला. बर्फ कुटून ग्लास गच्च भरला, वरून थोडंसं पाणी घातलं, दांडी मधोमध धरली, काचेला टेकू दिली नाही. काटा थांबेपर्यंत थांबले. शून्यावर यायला हवा होता, आला चारवर. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. तबकडीच्या मागे एक छोटा नट होता, तो पान्याने फिरवून काटा शून्यावर आणला. मग उकळत्या पाण्यात धरला.

“शंभर,” मुलगा म्हणाला.

“नीट पाह, नव्व्याण्णव आहे. आपण समुद्राच्या काठी नाही राहून राहिलो. भिलाई उंचावर आहे, पाणी इथं जरा आधीच उकळते.” एका टोकाला बरोबर असलेलं यंत्र दुसऱ्या टोकाला खोटं बोलू शकतं, म्हणून एका ठिकाणी पाहून विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी त्या दिवशी आम्हा दोघांना इतक्यांदा सांगितलं की कानात कापूस घालायचा तेवढा बाकी राहिला.

टाळेबंदी उठली, मुलगा गेला, सामान राहिलं. बियर आता यांची झाली. भिलाईच्या उन्हाळ्यात असलं काही करायची सोय नाही, त्यामुळे दिवाळीनंतर सुरू करायचे आणि होळीपर्यंत उरकायचे. सुरुवात ठरलेली. आधी बर्फाचं पाणी, मग उकळतं पाणी, मग बाकीचं. आणि प्लांटची एक सवय त्यांनी घरात आणली होती. तिथे एक माणूस यंत्रापाशी उभा राहून आकडा ओरडायचा आणि दुसरा, पॅनेलपाशी बसलेला, तोच आकडा परत म्हणायचा, म्हणजे आवाजात ऐकण्याची चूक राहू नये. इथे पॅनेल म्हणजे मी. ते टेबलापाशी थर्मामीटर धरून “शून्य” म्हणायचे, मी पोळी लाटता लाटता “शून्य” म्हणायचे. ते “नव्व्याण्णव”, मी “नव्व्याण्णव”. पूजेला बसल्यावर भटजी म्हणतो आणि आपण मागून म्हणतो, तसंच. आणि तितकंच लक्ष देऊन.

मी एकदाही थेंब चाखला नाही. पण खोटं का बोलू, जव मुरत असताना घरभर जो वास सुटायचा तो मला आवडायचा. आणि माणूस रिकामा बसून माझ्या डब्यांची झाकणं मोजत नव्हता, हेही काही कमी नव्हतं.

त्यांचे एक दोस्त होते, खुर्सीपारला राहणारे, त्याच सेक्शनमधून निवृत्त झालेले. ते रविवारी चाखायला यायचे. पहिली दोन वर्षं त्यांनी मान डोलावली. मग एका हिवाळ्यात पहिलाच घोट घेऊन ते ग्लासाकडे पाहत राहिले.

“भैया, ये तो शरबत बन गया.”

त्यानंतरची बॅच फसफसलीच नाही. बादलीची नळी गप्प. यांनी यीस्टला शिव्या दिल्या, ज्याने पाठवलं त्याला दिल्या. पुढच्या वेळी नवीन यीस्ट आणलं, तेही मेलं. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, थर्मामीटर चेक केलं का?” त्याने हे बापाला विचारावं! यांचा आवाज चढला. “तू मले शिकवून राहिला का? दर वेळी चेक करतो. तुझी माय साक्षीदार आहे.”

मी साक्षीदार होतेच. शून्यला शून्य म्हणणारी.

आता त्या वर्षातल्या बाकी गोष्टी सांगते. तेव्हा त्या मला वेगवेगळ्या वाटत होत्या. त्यांनी पेपर वाचणं सोडलं. विचारलं तर म्हणाले, पेपरात आता राहिलंय काय. स्कूटर काढेनात, म्हणाले गुडघा दुखतो. आमच्या घरासमोर विजेचा खांब आहे, तो वाकला आहे असं त्यांच्या मनाने घेतलं. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून म्हणायचे, पडणार एक दिवस कोणाच्या तरी डोक्यावर. मी बाहेर येऊन पाहिलं, खांब सरळ. म्हटलं, सरळ आहे. म्हणाले, तुले काय समजते. आमचं त्या खांबावरून आठवडाभर वाजलं. शेवटी वायरमन येऊन पाहून गेला आणि माझ्याकडे पाहून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि सगळ्यात मला टोचायचं ते म्हणजे, ते माझ्याकडे पाहून बोलेनासे झाले होते. मी काही सांगत असले की तोंड भलतीकडे. माझ्या कानाच्या पलीकडे, खिडकीकडे, फ्रिजकडे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या तोंडाकडे पाहवत नाही म्हणजे काय समजायचं? मी काही ऐकून घेणारी नाही.

“मी भिंतीवर बसली आहे का?” मी म्हणायची. “माझ्याकडे पाहून बोला ना.”

ते एक क्षण सरळ पाहायचे आणि पुन्हा मान वळवायचे. मी तणतणत निघून जायचे.

होळीच्या आधीची शेवटची बॅच करायची होती. मी आदल्या रात्री फ्रिज बंद करून बर्फ वितळायला ठेवला होता, आणि सकाळी बघते तर हे तयार, पातेलं घेऊन. बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं गार पाणी. मी तेच ग्लासात ओतून टेबलावर ठेवलं. मनात म्हटलं, काटा शून्यावर येणार नाही, ओरडतील, मग सांगीन की थांबा तासभर. मी कणीक भिजवायला घेतली.

त्यांनी दांडी ग्लासात धरली. तबकडीवर नखाने टिचकी मारली, तीही सवयच. थोडं थांबले.

“शून्य.”

“शून्य,” मी म्हटलं.

आणि माझे हात परातीत थांबले. शून्य कुठून येणार? आत बर्फाचा एक खडा नव्हता. मी तशीच उठून टेबलापाशी गेले. काटा नऊवर होता. चांगला जाड, काळा काटा, नऊवर.

मला हसू आलं. वाटलं, माझी गंमत करत आहेत. “अहो, नऊ आहे ते. बर्फच नाही त्यात.”

“शून्य आहे,” ते म्हणाले. पण ते तबकडीकडे पाहत नव्हते. नजर खिडकीकडे होती.

“नऊ आहे.”

त्यांनी तबकडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मान तिरपी केली. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. आणि मग मला त्यांचंच वाक्य आठवलं की एका ठिकाणी पाहून विश्वास ठेवायचा नाही. मी गॅसवरच्या पातेल्यातलं गरम पाणी घेतलं, त्यात माठातलं गार पाणी ओतलं, मनाला येईल तेवढं. मला स्वतःला ते किती झालं हे माहीत नव्हतं. बर्फाचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं, उकळत्या पाण्याचंही पाठ असतं. या ग्लासाचं उत्तर कोणालाच पाठ नव्हतं. तो मी त्यांच्यासमोर ठेवला.

“हे किती आहे?”

त्यांनी थर्मामीटर घातला. टिचकी मारली. बराच वेळ गेला. मग त्यांनी थर्मामीटर काढून बाजूला ठेवला आणि पाण्यात बोट बुडवलं.

“चाळीस असन,” ते म्हणाले.

काटा त्रेपन्नवर होता. मी तो त्यांना सांगितला नाही. मी खाली स्टुलावर बसले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“किती दिवसांपासून?”

“मले वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असन.”

“किती दिवसांपासून म्हणते मी!”

“मागच्या हिवाळ्यापासून. सरळ पाहिलं का मधातलं गायब होते. बाजूनं पाहिलं का दिसते. तबकडी दिसते पूर्ण, आकडे थोडे थोडे दिसतात. काटा जिथं पाहाव तिथून पळते.”

“आणि मला सांगितलं नाही.”

“सांगून काय झालं असतं? तू रडली असती.”

मी रडले नाही. मी कणकेचे हात घेऊन त्यांना बोलबोल बोलले, माझ्या आईला, त्यांच्या आईला, प्लांटला, बियरला सगळ्यांना त्यात ओढलं. ते खाली मान घालून ऐकत होते. बोलता बोलता मला एकाएकी ते कळलं. बाजूनं पाहिलं की दिसते. म्हणजे वर्षभर ते माझ्या कानापलीकडे पाहत होते ते मला पाहायला म्हणून.



रायपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, शांत बोलणारी. तिने त्यांच्या हातात एक चौकटींचा कागद दिला, मधोमध काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचं.

“अंकल, बीच में क्या दिखता है?”

“बीच में तो कुछ है ही नहीं.”

“और लाइनें?”

“मुड़ी हुई हैं.” मग माझ्याकडे तोंड करून मराठीत म्हणाले, “खांबासारखी.”

त्या खांबाचं तिथे मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

डॉक्टरणीने समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. उजव्याचा गेलाच, डावा त्याच वाटेवर आहे. कडेचं दिसत राहील, माणूस घरात फिरेल, पण वाचणं, चेहरे ओळखणं, बारीक काम हे हळूहळू जाणार. हे सगळं ऐकून झाल्यावर यांनी तिला जे विचारलं ते दुसऱ्या कोणी विचारलं नसेल.

“करेक्शन कितना है?”

तिला समजलं नाही. यांनी समजावलं. यंत्र चार अंश कमी दाखवत असेल तर आम्ही त्यावर पट्टी चिकटवतो, चार मिळवा म्हणून. मग ते यंत्र चुकीचं असलं तरी कामाचं राहतं. माझ्या डोळ्यात चूक आहे, ठीक आहे, ती किती आहे ते सांगा, तेवढी आम्ही धरून चालू.

“अंकल,” ती म्हणाली, “इसमें जोड़ने-घटाने जैसा कुछ नहीं होता. जो गया, वो नहीं आएगा.”

ते मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, एका ठिकाणी पाहून विश्वास ठेवायचा नाही. म्हणून आम्ही नागपूरलाही जाऊन आलो. तिथले डॉक्टर वयस्कर होते आणि मराठी बोलत होते, बाकी सगळं तेच. परतीच्या गाडीत गोंदिया आल्यावर हे म्हणाले, “दोन्ही मीटर सारखंच दाखवून राहिले. म्हणजे बरोबर असन.”

मी खिडकीच्या बाजूला बसले होते. त्यांनी समोरच्या बर्थकडे नजर लावली आणि म्हणाले, “असं पाहिलं का तू दिसते. पूर्ण नाही दिसत, पण तुझी टिकली दिसते चांगली.” मी पहिल्यापासून मोठी टिकली लावते, बोराएवढी, लाल. त्यावरून नणंदा हसायच्या. त्या दिवशी गाडीत मला त्या टिकलीचा फार आधार वाटला.

चौकटींचा कागद दवाखान्यातून घरी दिला होता, तो फ्रिजच्या दारावर लावला. रोज सकाळी एकेक डोळा झाकून पाहायचं आणि रेघा जास्त वाकल्या तर दाखवायला यायचं. चहाच्या आधी ते फ्रिजसमोर उभे राहायचे. मी विचारायची नाही. ते कप उचलायला वळले की त्यांच्या खांद्यांवरूनच मला समजायचं.

मुलाने बोलणारा थर्मामीटर पाठवला. बटण दाबलं की एक बाई इंग्रजीत आकडा सांगते. यांनी तो बर्फात धरला. बाई म्हणाली, झीरो पॉइंट फोर.

“ही खरं बोलते हे कोण तपासन?” यांनी विचारलं.

“मी पाहते,” मी म्हटलं.

“तूच पाहणार असशीन तर ही बाई कायले पाहिजे?”

तो थर्मामीटर डब्यात गेला. मुलाला वाटलं बाबा हट्ट करतात. हट्ट नव्हता तो. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याने सांगितलेला आकडा स्वतः पाहिल्याशिवाय मानला नव्हता, आणि आता जगातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी सांगणार आणि यांनी मानायची. दूध नासलं आहे का, पायरी ओली आहे का, दारात कोण आलं आहे. माणसाचं जेवण कमी होतं, झोप कमी होते, ते मी पाहिलं आहे. ह्यांच्यातून तपासणंच गेलं, आणि मागे काय उरलं ते मला नीट सांगता येत नाही. एक माणूस खुर्चीवर बसलेला असायचा.

दिवाळीनंतर मीच बियरचं काढलं. मी, चूळ भरणाऱ्या आईची मुलगी. म्हटलं, जव आणवला आहे, उठा. ते म्हणाले, कोण पाहणार. म्हटलं, मी यंत्रापाशी, तुम्ही पॅनेलला.

ते आधी तयार होईनात. मग एका सकाळी आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसले आणि मला अट घातली.

“जे दिसन तेच सांगजो. मले बरं वाटाव म्हणून सांगू नको. न पाहता आकडा सांगणाऱ्या माणसाले आम्ही सेक्शनमध्ये उभं करत नव्हतो.”

“आणि तुम्ही कुठे पाहून सांगत होते?”

ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले. “म्हणूनच सांगून राहिलो,” ते म्हणाले.

मी बर्फ कुटला. ग्लास गच्च भरला. दांडी काचेला टेकू दिली नाही. काटा दोनवर थांबला.

“दोन,” मी म्हटलं.

“दोन,” ते म्हणाले. आणि मग, “खरंच पाहिलंस ना?”

“खरंच दोन आहे.”

“नट फिरव. थोडाच.”

मी पान्याने नट फिरवला, जास्त फिरला, परत फिरवला. त्यात सकाळ गेली. शून्य, शून्य. नव्व्याण्णव, नव्व्याण्णव. पासष्टला जव घातला, आणि दर थोड्या वेळाने मी आकडा म्हणायची आणि ते परत म्हणायचे. जवाचा वास घरभर सुटला. यीस्ट जिवंत राहिलं, नळी बुडुक बुडुक करू लागली. पुढे रविवारी खुर्सीपारहून त्यांचे दोस्त आले, घोट घेतला आणि म्हणाले, “भैया, ये हुई ना बात!” मला इतका आनंद झाला की मी भजी तळायला घेतली.

यांनी आपल्या ग्लासातली अर्धी संपवली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. “चांगली झाली तुझी बियर,” म्हणाले.

तुझी. मी म्हटलं आपली म्हणा, तर म्हणाले, “मी काय केलं? तू बोलली, मी मागून म्हटलं.”

त्यानंतर त्यांनी जव आणवू दिला नाही. बादली धुऊन मी तिच्यात तांदूळ भरले. थर्मामीटर ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेला आहे. आता त्याचा काटा कुठे असतो ते मीही पाहत नाही.

यंदा डावा डोळाही गेला. म्हणजे गेला असं कोणी म्हणालं नाही, पण एका सकाळी ते फ्रिजसमोर उभे राहिले, कागदावरून हात फिरवला आणि तो काढून घडी करून माझ्या हातात दिला. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “आता काय पाहाचं त्याच्यात.”

मग परवाची गोष्ट. मी टेबलावर मेथी निवडत होते, ते समोर बसले होते. मी मुलाच्या फोनचं काहीतरी सांगत होते. सांगता सांगता लक्षात आलं की ते माझ्याकडे सरळ पाहत आहेत. मान वळलेली नाही, तोंड खिडकीकडे नाही. बरोबर माझ्या तोंडावर नजर. तसे ते मला बघायला आले होते तेव्हा, भंडाऱ्याच्या घरी, सगळ्यांसमोर पाहत होते, आणि माझ्या काकाने खाकरून त्यांना भानावर आणलं होतं.

“असे का पाहता?” मी विचारलं.

“तूच म्हणत होती ना, माझ्याकडे पाहून बोला. आता पाहून राहिलो.”

त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मी मेथी बाजूला ठेवली, उठून त्यांच्याजवळ गेले आणि हनुवटी धरून त्यांचं तोंड फ्रिजकडे वळवलं.

“तिकडे पाहा,” मी म्हटलं. “भिंतीकडे. तिकडून दिसते ना मी.”

ते फ्रिजकडे पाहत राहिले. पुष्कळ वेळ. जुन्या दिवसांत काटा थांबायची वाट पाहायचे, तितका. मी हललेसुद्धा नाही. मग त्यांनी विचारलं,

“आज टिकली कावून नाही लावली वं?”

मी कपाळाला हात लावला. टिकली होती, जागच्या जागी होती. जे दिसन तेच सांगजो, असं मला बजावलेलं होतं, आणि मी इतके दिवस ते पाळलंही होतं. मी नखाने टिकली काढली आणि ओट्यामागच्या टाइलवर चिकटवली.

“विसरली,” मी म्हटलं.

“विसरली,” ते म्हणाले.